साक्षीच्या सभेचा माइक ज्यांच्या हातात आहे त्यांना

सर्व मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि साक्षीच्या सभा चालवणारे बंधुभगिनी यांस,
प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र एका मंडळीला किंवा एका पाळकसाहेबांना उद्देशून नाही. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगायला, कोण उभं राहील, किती वेळ बोलेल आणि कुठल्या वाक्यावर थांबेल, हे जे ठरवतात त्या सगळ्यांसाठी आहे. मी तुमच्यातलीच आहे. अकरा वर्षं मी मंडळीपुढे उभी राहून साक्ष सांगत आले, आणि त्यातली बहुतेक वर्षं ती साक्ष पूर्ण खरी नव्हती. म्हणून लिहायला बसले.

माझी साक्ष रागाची होती. मी फार रागीट होते, हाताला येईल ते फेकायचे, घरातली माणसं माझ्या पावलांचा आवाज ऐकून गप्प व्हायची. एका उपवास-प्रार्थनेच्या रात्री मी गुडघ्यांवर असताना प्रभूने माझं मन धरलं. त्या रात्री जे झालं ते खरं आहे आणि मी ते आजही शपथेवर सांगेन. पहिल्यांदा मंडळीत उभी राहिले तेव्हा मी म्हटलं होतं, "राग पुष्कळ कमी झाला आहे. अजून येतो. प्रार्थना करा." सभा संपल्यावर एका वडीलधाऱ्या बहिणीने मला बाजूला घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "फार छान बोललीस. फक्त ते 'अजून येतो' कशाला सांगायचं? त्याने देवाच्या नावाला उणेपणा येतो." तिचा हेतू वाईट नव्हता. पुढच्या खेपेला मी ते दोन शब्द गाळले. लोकांनी जास्त मोठ्याने हालेलुया म्हटलं. त्यानंतर मी ते कधीच परत घातले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कप आपटला. कारण सांगण्यासारखंही नाही, एक दार उघडं राहिलं होतं. कपाचा कान तेवढा जमिनीवर आख्खा पडला, बाकी सगळ्याचा चुरा झाला, आणि भिंतीवर तपकिरी डाग उतरत गेला. माझा चौदा वर्षांचा मुलगा दारातच उभा होता. त्याच आठवड्याच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे उभी राहिले आणि म्हटलं, "त्या रात्रीपासून प्रभूने माझा राग काढून टाकला." तो दुसऱ्या बाकावर होता. घरी चालत येताना त्याने एवढंच विचारलं, "आई, मग सोमवारचा कप?"

मी म्हटलं, ते वेगळं. पुढच्या रविवारी त्याचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी अभ्यास होता. मग त्याने कारण सांगणंही सोडलं.

मुलांनी मंडळीत यायचं का सोडलं यावर आपण सभा घेतो. मोबाइल, संगत, कॉलेज, जगाचा वारा, असं बरंच काही निघतं. त्या चर्चांमध्ये मी दोन वर्षं मान खाली घालून बसले. माझ्या मुलाने यायचं का सोडलं ते मला ठाऊक होतं.

साक्ष हा शब्द आपण इतका वापरतो की तो मूळचा कचेरीतला आहे हे ध्यानात राहत नाही. बायबलच्या नव्या करारात जिथे साक्षी म्हटलं आहे तिथे ग्रीकमध्ये मार्तुस हा शब्द आहे, म्हणजे न्यायाधीशापुढे पाहिलेलं सांगणारा. पुढे साक्षीपायी जीव देणाऱ्यांनाही तोच शब्द लागला. मोशेच्या नियमशास्त्रात साक्षीदाराबद्दल फार कडक भाषा आहे. एकाच्या सांगण्यावरून कुणाला दोषी ठरवू नये, दोघे किंवा तिघे हवेत. आणि साक्षीदार खोटा निघाला तर आरोपीला जी शिक्षा व्हावी अशी त्याची इच्छा होती तीच त्याला द्यावी. दहा आज्ञांमध्येही खोट्या साक्षीला जागा आहे. ती आज्ञा शेजाऱ्याच्या विरुद्ध दिलेल्या साक्षीबद्दल आहे, हे मला ठाऊक आहे. मला बरीच वर्षं वाटायचं की देवाच्या बाजूने थोडं वाढवून सांगितलं तर ते त्यात येत नसावं.

प्रेषित पौलाला तसं वाटत नव्हतं. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त उठलाच नसेल तर आम्ही देवाविषयी खोटे साक्षी ठरलो. म्हणजे देवाची स्तुती करणारी, लोकांना आशा देणारी गोष्टसुद्धा घडलेली नसेल तर ती खोटी साक्ष आहे, आणि ती देवाविरुद्ध आहे. सर्वस्व गमावलेला ईयोबही आपल्या तीन मित्रांना तेराव्या अध्यायात हेच विचारतो: देवाची बाजू घेऊन तुम्ही कपटाने बोलणार का? ते मित्र देवाची बाजूच मांडत होते. देव न्यायी आहे, पाप्याला शिक्षा होते, तू पश्चात्ताप कर, सगळं ठीक होईल. यातलं एकेक वाक्य आजही व्यासपीठावरून खपेल. ईयोब मात्र ओरडत होता, भांडत होता, जन्मल्या दिवसाला शाप देत होता. आणि शेवटी देव त्या मित्रांना काय म्हणाला? माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. बायबलमधला हा भाग मी कित्येकदा वाचला होता. कप फुटल्यानंतर तो मला ऐकू आला.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहिते आहे तिच्याकडे येते. ती लिहायला मला जड जातं आहे.

माझ्या शेजारी बाकावर एक बहीण बसायची. तिच्या पोटात गाठ निघाली. एका सभेत तिच्यासाठी प्रार्थना झाली आणि त्यानंतर आठवडाभर तिचं दुखणं उतरलं. पुढच्या सभेत तिला पुढे बोलावलं. "सांगा बहीणजी, प्रभूने काय केलं?" ती म्हणाली, "दुखणं कमी आहे." मी पहिल्याच रांगेत होते, मला तिचे शब्द नीट ऐकू आले. माइक धरलेल्या बंधूंनी तो आपल्या तोंडाकडे वळवला आणि मोठ्याने सांगितलं, "बहीण म्हणते आहे, प्रभूने तिला बरं केलं!" टाळ्या झाल्या, गीत सुरू झालं. ती तिथेच उभी होती, हात पदराच्या टोकाशी, आणि माइककडे बघत होती. परत येऊन बसल्यावर गीताच्या आवाजात ती माझ्या कानाशी म्हणाली, "मी असं म्हटलं नव्हतं गं."

त्यानंतर ती कुणाला दुखतंय असं सांगायची नाही. सांगितलं असतं तर आधीची साक्ष खोटी पडली असती. चार महिन्यांनी ती प्रभूकडे गेली. दफनविधीच्या उपदेशात तिच्या विश्वासाचं कौतुक झालं. त्या साक्षीचा उल्लेख कुणी केला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. काही दिवसांनी तिची मुलगी माझ्याकडे आली. रडली नाही. तिने विचारलं, "मावशी, आईचा विश्वास कमी पडला का?"

पाळकसाहेब, हा प्रश्न त्या मुलीच्या डोक्यात आपण घातला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

पौलाच्या हातून लोक बरे झाले असं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं. त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर घालत, असंही तिथे आहे. तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी जाता जाता लिहितो की सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत शहरात ठेवून आलो. बस, एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी होता का, पौलाची प्रार्थना कमी पडली का, याचं एका शब्दाने स्पष्टीकरण नाही. आणि स्वतःच्या देहातल्या काट्याबद्दल तो म्हणतो की मी तीनदा विनंती केली, आणि तो निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, हे वाक्य आपण कॅलेंडरांवर छापतो. ते 'नाही' या उत्तरासोबत आलं होतं हे सांगत नाही. त्या बहिणीला मिलेतातल्या त्रफिमासारखं आजारी राहायची मोकळीक आपण द्यायला हवी होती. तिच्या शेवटच्या चार महिन्यांत देव तिच्याजवळ कसा होता, हे तिने सांगितलं असतं. ती साक्ष आपण ऐकलीच नाही, कारण आधीच्या टाळ्यांनी तिचं तोंड बंद केलं होतं.

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा पत्रांवर लगेच शंका घेतली जाते. मी प्रार्थना करते, आजाऱ्यांवर हात ठेवते, मागते. पण दुखणं कमी आहे याचा अर्थ दुखणं कमी आहे.

खरी साक्ष कशी असते हे मला योहानाच्या नवव्या अध्यायातल्या त्या जन्मांध माणसाकडून शिकावंसं वाटतं. त्याची चौकशी करणारे साधे लोक नव्हते. आधी शेजारी विचारतात, मग परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी पुढारी, मग पुन्हा बोलावून तेच प्रश्न. तो काय सांगतो ते बघा. येशू नावाच्या माणसाने चिखल केला, माझ्या डोळ्यांना लावला, मी जाऊन धुतलं आणि मला दिसायला लागलं. तो कुठे आहे? ठाऊक नाही. परूशी दरडावून सांगतात की तो मनुष्य पापी आहे, तर हा म्हणतो, तो पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. एक मात्र ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. नुकतीच दृष्टी मिळालेला माणूस, आयुष्यातला सर्वांत मोठा चमत्कार अंगावर घेऊन उभा, आणि दोनदा 'ठाऊक नाही' म्हणतो. त्याने एक शब्दही वाढवला नाही. पण जेवढं घडलं तेवढं तो त्या बलाढ्य मंडळींच्या तोंडावर बोलला आणि त्यापायी त्याला बाहेर घालवून दिलं तरी मागे घेतलं नाही.

त्याच अध्यायात त्याचे आईवडीलही आहेत. त्यांना विचारलं तर त्यांनी हा आमचा मुलगा, तो आंधळा जन्मला, एवढं मान्य केलं आणि पुढचं अंगाबाहेर टाकलं: तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. सभास्थानातून बहिष्कृत होण्याची भीती होती, असं योहान स्पष्ट लिहितो. त्या आईवडिलांना मी दोष देऊ शकत नाही. पण मला एक दिसतं. भीतीने कमी सांगणारे आणि कौतुकासाठी जास्त सांगणारे, दोघांचंही लक्ष ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे असतं. तो मुलगा आपल्या डोळ्यांबद्दल बोलत होता. आणि असंही नाही की त्याला सुरुवातीलाच सगळं कळलं होतं. तो येशूला आधी एक माणूस म्हणतो, मग संदेष्टा, मग देवापासून आलेला, आणि घालवून दिल्यावर येशू स्वतः त्याला शोधत येतो तेव्हा प्रभू. त्याचा विश्वास त्या चौकशीत, लोकांच्या देखत, वाढत गेला. आपल्या सभांमध्ये मात्र वाढ संपलेली माणसंच उभी करतात.

शिष्यांनी स्वतःबद्दल काय सांगितलं तेही आठवा. पेत्राने अंगणात शेकोटीपाशी उभं राहून येशूला तीनदा नाकारलं, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. तिथे बाकीचे शिष्य जवळ नव्हते. दुसरा एक शिष्य आत गेला होता असं फक्त योहान सांगतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने पेत्राच्या तोंडून ऐकलेलं लिहून ठेवलं, असं दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक पपियास सांगून गेला आहे. ते खरं धरलं तर मंडळीचा सगळ्यात मोठा पुढारी ठिकठिकाणी जाऊन सांगत होता की एका दासीच्या प्रश्नाला भिऊन मी शपथा वाहिल्या. कुणी त्याला बाजूला घेऊन म्हणालं नाही की ते कशाला सांगायचं. योहान तर त्या अंगणातला कोळशांचा विस्तव सांगतो आणि पुढे समुद्रकाठी मरणातून उठलेला प्रभू ज्या विस्तवावर मासे भाजत होता तिथेही तोच शब्द वापरतो. नव्या करारात तो शब्द या दोनच जागी आहे. पहिला विस्तव गाळला असता तर दुसऱ्याचा अर्थ कुणाला कळला असता?

मंडळीच्या बाहेरची गोष्टही थोडी सांगते, कारण तिथे माझी फजिती नाही, पाप आहे. मी ऑफिसात खरेदीची कागदपत्रं बघते. माझ्या टेबलावर काचेखाली एक वचन आहे, मी ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सणाच्या दिवशी मी मोकळेपणाने सांगते की मी का आनंदात आहे. खरेदीला तीन कोटेशनं लागतात. कित्येकदा तिन्ही एकच माणूस आणून देतो, तीन वेगळ्या लेटरहेडवर, त्यातली दोन भाव मुद्दाम चढवून. फाइल पूर्ण होते. मी सह्या करत आले. एकदा शेजारच्या टेबलावरचे सहकारी, जे कुठल्याच देवाला मानत नाहीत, त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यात हे चालतं का हो?" टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या आशेविषयी कुणी विचारील त्याला उत्तर द्यायला सदा सिद्ध असा, असं पेत्राने लिहिलं आहे ना? माझ्या नोकरीच्या काळात तो प्रश्न मला एकदाच आला, आणि तो कोटेशनांवरून आला.

पेत्राने ते वाक्य ज्यांना लिहिलं त्यांत आजच्या तुर्कस्तानातल्या पंत आणि बिथुनिया इथले विश्वासणारे होते, पत्राच्या पहिल्याच ओळीत तसं आहे. काही दशकांनी, इ.स. 112 च्या सुमारास, त्याच प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला ख्रिस्ती लोकांविषयी लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. त्याने चौकशी केली, मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून माहिती काढली, आणि त्याच्या हाती लागलं ते असं: हे लोक ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात, आणि शपथ घेतात. कसली शपथ? चोरी करणार नाही, लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेलं मागितल्यावर नाही म्हणणार नाही. शत्रूच्या कागदपत्रांत मंडळीची नोंद अशी झाली. गुप्त जमावं लागत होतं, तरी व्यवहार उघडा होता. आमचं उलट झालं आहे. जमणं उघड आहे आणि व्यवहार बघू नये असा.

इथे कुणाला वाटेल की मी पडलेल्यांना बाहेर काढा म्हणते आहे. अजिबात नाही, कारण मग सर्वांत आधी मीच बाहेर. इ.स. 250 मध्ये सम्राट डेकियसने सर्वांनी देवांना बलिदान करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भिऊन बलिदान केलं. काहींनी बलिदान न करताच पैसे चारून दाखला मिळवला. हात स्वच्छ, कागद खोटा. माझ्या कोटेशनांसारखंच. छळ ओसरल्यावर हे लोक परत आले तेव्हा मंडळीपुढे पेच पडला. रोममधला पुढारी नोवतियान याचा पक्ष म्हणाला, यांना कधीच घेऊ नका. काहींना वाटत होतं, झालं गेलं विसरून लगेच प्रभुभोजनाला बसवा. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा अध्यक्ष, म्हणजे बिशप, सिप्रियन आणि 251 मध्ये तिथे जमलेले इतर अध्यक्ष यांनी दोन्ही नाकारलं. काय केलं ते सांगावं, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं पाहावं, पश्चात्ताप व्हावा, आणि मग परत घ्यावं. सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोल लागला होता. 258 मध्ये पुढच्या छळात त्याने प्राण दिला. पडलेल्यांना परत यायची वाट अशा माणसांनी आखली, आणि ती वाट कबुलीतून जात होती.

आपल्याकडे कबुलीला वाट कुठे आहे? उपासनेच्या पुस्तकातली पापकबुली आपण सगळे एका सुरात म्हणतो. तिच्यात कप नसतो, कोटेशनं नसतात.

आपल्याच भाषेतलं एक नाव सांगते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटिज इथे बाप्तिस्मा घेतला. ज्या मठवासी भगिनींच्या आश्रयाला त्या राहत होत्या त्यांनाच त्यांनी पत्रांतून त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयी, आणि मतांगीकाराविषयी, म्हणजे विश्वासाच्या ठरीव कबुलीविषयी, बेधडक प्रश्न विचारले, आणि जे बुद्धीला पटलं नाही ते पटलं असं म्हणायला नकार दिला. त्याबद्दल त्यांना हट्टी ठरवलं गेलं. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनीच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. तेव्हा त्यांची कीर्ती दूरवर पोचलेली होती. मधली ती कोरडी वर्षं त्यांना सहज झाकता आली असती. त्यांच्या शब्दावर माझा एवढा विश्वास बसतो तो त्या वर्षांमुळे. आज आपल्या मंडळीत एखाद्या मुलीने उठून म्हटलं की माझा बाप्तिस्मा झाला आहे, मी गायनवृंदात आहे, पण ख्रिस्त मला अजून भेटलेला नाही, तर आपण काय करू? माझी भीती अशी की तिच्यावर हात ठेवून घाईने प्रार्थना करू आणि पुढच्या आठवड्यात तिला साक्ष द्यायला उभी करू.

हे फक्त एकट्यादुकट्या माणसाचं नाही, मंडळ्यांचंही आहे. ऑक्टोबर 1945 मध्ये, नाझी राजवट कोसळल्यावर, जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी श्टुटगार्ट इथे लिहून दिलं की आम्ही अधिक धैर्याने कबुली दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक कळकळीने प्रीती केली नाही, याबद्दल आम्ही स्वतःवर आरोप ठेवतो. स्वतःच्या लोकांनीच त्यांच्यावर टीका केली. पण त्या निवेदनातही एक मोठी गोष्ट राहून गेली होती: यहुद्यांचं नाव त्यात नव्हतं. 1950 मध्ये बर्लिनच्या वाइसेनझे भागात भरलेल्या सिनॉडने, म्हणजे मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, यहुद्यांविषयीचा तो अपराध नाव घेऊन मान्य केला. पहिली कबुली अपुरी होती, म्हणून दुसरी दिली. मंडळीला हे जमतं. त्याने ती लहान होत नाही.

म्हणून माझ्या विनंत्या. साक्ष देणाऱ्याच्या हातून माइक घेऊ नका, आणि त्याचं वाक्य त्याच्या वतीने पूर्ण करू नका. दुखणं कमी आहे म्हणणाऱ्याला तेवढंच म्हणू द्या. बरं झाल्याची साक्ष असेल तर तपासण्यांचे कागद येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे? येशूने कुष्ठरोग्याला याजकाला दाखवून ये म्हणूनच सांगितलं होतं. ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेलेली नाही त्यांनाही उभं राहू द्या. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी वळण घेत नाही, आणि तरी ते देवाच्या पुस्तकात आहे. त्याला जागा मिळाली तर त्या लोकांनाही मिळावी. जी साक्ष पुढे खरी ठरली नाही ती त्याच व्यासपीठावरून दुरुस्त करा. त्या बहिणीच्या मुलीला कुणीतरी पुढे होऊन सांगायला हवं की तुझ्या आईने असं म्हटलंच नव्हतं, ते आम्ही म्हटलं. मी तिला घरी जाऊन सांगितलं आहे. पण तिने ते टाळ्यांच्या जागी ऐकलं पाहिजे. आणि पाळकसाहेब, वडीलजनहो, कधीतरी तुम्हीही सांगा. तुमच्याकडून आम्ही विजयाच्या कितीतरी गोष्टी ऐकल्या आहेत. ज्या आठवड्यात तुम्हाला प्रार्थनेला बसवलं नाही, त्या आठवड्याबद्दल एकदा ऐकायचं आहे.

ऑफिसात, कॉलेजात आपण ख्रिस्ती आहोत हे लपवणाऱ्या तरुण मुलामुलींना आपण धैर्याचा उपदेश करतो. मला वाटतं त्यातल्या पुष्कळांना भीती नसते, संकोच असतो. साक्ष म्हणजे सर्व ठीक झालेल्याने सांगायची गोष्ट, असं त्यांनी आमच्याकडून शिकलं आहे, आणि त्यांचं सर्व ठीक नसतं. अर्धी वाट चाललेल्यालाही येशूचं नाव घेता येतं हे त्यांनी आमच्यात पाहिलेलं नाही. पेत्र त्याच वचनात पुढे सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या म्हणतो. स्वतःचं उणं सांगणाऱ्याला सौम्य व्हायला वेगळे कष्ट पडत नाहीत, समोरचाही मग अंग चोरून बसत नाही. त्या सहकाऱ्यांना मी शेवटी उत्तर दिलं. म्हटलं, "नाही चालत. मी करते ते चूक आहे." पुढच्या फाइलीला मी सही केली नाही, साहेबांचं बोलणं खाल्लं, ती सही दुसऱ्या कुणीतरी केली. व्यवस्था बदलली वगैरे काही नाही. पण ते सहकारी त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागले आणि एकदा काचेखालचं वचन वाचून म्हणाले, याचा अर्थ काय?

येत्या महिन्यात साक्षीसाठी माझं नाव लागलं आहे. मी रागाचीच साक्ष देणार आहे, पहिल्या वेळची, त्या दोन शब्दांसकट. आधी मुलाला विचारलं, कपाचं सांगितलं तर चालेल का, कारण ती गोष्ट त्याचीही आहे. त्याने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "सांग. पण दार मी उघडं ठेवलं होतं असं सांगू नकोस. मी नव्हतं ठेवलं."

तेही तसंच सांगेन. तेवढी पाच मिनिटं मला बोलू द्या.

ख्रिस्तात आपली,
मंडळीतली एक बहीण